माझं नाक, माझी खानावळ

हे वाचून कुणाला माझी कीव येणार असेल तर त्याने इथेच थांबावं. कीव करणाऱ्यांनी मला जेवढा त्रास दिला तेवढा हसणाऱ्यांनीही दिला नाही. हसणारा हसून निघून जातो. कीव करणारा समोर बसतो, तोंडाकडे टक लावून बघतो आणि म्हणतो, "आज जरा जास्त आहे, नाही?" तो असं म्हणाला की लगेच जास्त होतं.

मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांच्यासाठी. मूल डोळे मिचकावतं, खांदा उडवतं, घशातून आवाज काढतं आणि घरचे "सोड ती सवय" म्हणून त्याला बडवतात, अशा घरांसाठी. मला कुणी असं काही लिहून दिलं नव्हतं. दिलं असतं तर चार डॉक्टर आणि एक भगत यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

काय होतं ते आधी सांगून टाकते. नाक मुरडतं. घाण वास आल्यावर माणूस मुरडतो, अगदी तसं. मग वरचा ओठ उचलला जातो, डावा डोळा घट्ट मिटतो, मान उजवीकडे हिसका देते आणि शेवटी नाकातून "हूंफ" असा आवाज येतो. कधी नुसतं नाक, कधी सगळी वरात. मी ते करत नाही, ते होतं. थोडा वेळ दाबता येतं, शिंक दाबतो तसं. पण दाबलेली शिंक जिरून जाते. हे जिरत नाही, साठतं, आणि सोडलं की सगळं एकदम बाहेर पडतं.

आता असं नाक असलेली बाई काय धंदा करते? बोईसरला खानावळ चालवते. माणसांच्या पानात आमटी वाढता वाढता त्याच आमटीवर नाक मुरडते.

पहिली खेप

आम्ही मूळचे माणदेशातले. लहानपणी माझे डोळे मिचकायचे. वडिलांनी मारून पाहिलं, मास्तरांनी बाकावर उभं करून पाहिलं. मारलं की वाढायचं, बाकावर उभं केलं की त्याहून वाढायचं, पण हे त्या दोघांच्या ध्यानात आलं नाही. मी मोठी झाले आणि ते आपसूक गेलं. वडील शेवटपर्यंत सांगत राहिले की त्यांनी घालवलं.

तारापूरला मोठ्या वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा आमचे हे फिटर म्हणून इकडे आले, पाठोपाठ मी आले. वर्षभरात हे काविळीने गेले. गावाकडची जमीन सासऱ्यांच्या आणि दिराच्या नावावर. परत जायचं म्हणजे दिराच्या घरात भांडी घासायला जायचं. मी गेले नाही. आमच्या भागातली बरीच माणसं या कामावर होती, त्यांना भाकरी-आमटी हवी होती. मी पत्र्याची शेड घेतली, दोन चुली घातल्या, दारावर पाटी लावली. माझ्या नावाची दुनियेत तेवढी एक वस्तू आहे, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण त्याच वस्तूचं आहे.

पुढे दीर गणपतभावजीही याच कामावर लागले, बायकोला, म्हणजे सुमनला, घेऊन शेजारच्याच खोलीत आले. सुमन मला खानावळीत हाताशी मदत करायची. हसरी, गोरीपान, गोड बोलणारी.

एका उन्हाळ्यात मला घसा सुजून ताप आला. पुरती बरी न होताच चुलीपुढे उभी राहिले. ताप उतरला आणि नाक सुरू झालं.

पंगत

पहिल्यांदा विचारलं ते पवारने. हा गवंडीकाम करणारा पोरगेला माणूस, साताऱ्याकडचाच, जिभेला हाड नसलेला.

"मावशी, आमटी इटलीय का?"

"नाही."

"मग नाक का मुरडताय?"

"मुरडत नाही. आपोआप होतं."

"आपोआप माझंबी व्हतंय आता," असं म्हणून त्याने माझ्यासारखं नाक केलं, डोळा मिटला, "हूंफ" केलं आणि मग पहिला घास घेतला. पंगत हसली. शेजारचा ठसकला, त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून ती रीतच झाली. या आजाराचा एक दुष्टपणा असा की दुसऱ्याने तसं केलेलं पाहिलं की माझं सुरू होतं. पवारने एकदा करायचं आणि मी पंगतीच्या टोकापर्यंत करत जायचं.

चार डॉक्टर, एक भगत

पालघरच्या पहिल्या डॉक्टरने चष्मा दिला. दुसऱ्याने नाकात थेंब घालायला दिले. तिसऱ्याने नवरा कधी वारला ते विचारलं आणि "बायकांना असं होतं" म्हणून मोकळा झाला. भगताकडे मला सुमन घेऊन गेली. त्याने तोंडापुढे धूप धरला, घुमायला लागला, ढोल वाजवायला लावला. धुराने आणि ढोलाने माझी मान अशी काही उडायला लागली की त्याला वाटलं अंगात आलं. बायका पाया पडायला वाकल्या. मी उठले आणि चालू पडले. मागून सुमन ओरडत होती, "अक्का, देवीला असं पाठ फिरवू नये!" मी तिला सांगितलं, "देवी आली असेल तर तिला ठेवून घ्या. मला भाकऱ्या करायच्या आहेत."

चौथा डॉक्टर मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळातला. लांब बाकावर सकाळ काढली तेव्हा आत बोलावलं. माणूस चिडका होता. त्याने काही न विचारता माझ्या हातात सुई आणि दोरा दिला.

"ओवा."

मी ओवला. ओवताना नाक गप्प होतं. मग त्याने शिकाऊ पोरांना बोलावलं, ती घोळका करून बघायला लागली आणि माझी सगळी वरात निघाली. नाक, ओठ, डोळा, मान, हूंफ.

"बघा," तो पोरांना म्हणाला. मग मला म्हणाला, "याला टिक म्हणतात. मज्जातंतूंचा आजार आहे. वेड नाही, सवय नाही, ढोंग नाही."

"बरं होईल?"

"होईल किंवा होणार नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"खरं उत्तर आहे. कशाने वाढतं?"

"मला काय माहीत? डॉक्टर तुम्ही आहात."

"मी तुमच्या चुलीपाशी येऊन बसू शकत नाही. तुम्हीच बघा, आणि सांगा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला मूर्ख न समजता कामाला लावलं होतं. बाहेर येऊन मी जिन्यात रडले, उभ्या उभ्या थोडं आणि बसून थोडं. मग गाडी पकडली. त्याने दिलेल्या गोळ्यांनी नाक थांबलं, पण मीही थांबले. उभ्या जागी डुलकी लागायची, डाळ करपायची. पुढच्या खेपेला त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग सोडा." सोडल्या.

कशाने वाढतं, कशाने उतरतं

मला याद्यांची सवय आहे. सामानाची, भांड्यांची, कोण जेवला कोण नाही याची. तशीच याची केली. त्यातलं जे टिकलं ते सांगते. दुसऱ्या कुणाला वेगळं लागू पडेल, माझा हट्ट नाही.

उकाड्याने वाढतं. पत्र्याखाली दुपारी वाढण्याची वेळ सगळ्यात वाईट. मी शेडच्या मागच्या बाजूला पत्रा कापून झरोका पाडला आणि वर गवताचे पेंढे टाकले. फरक पडला. ओल्या लाकडाच्या धुराने वाढतं, म्हणून सुकं लाकूड आधी बाजूला काढून ठेवायला लागले. गळ्याशी घट्ट असलेल्या चोळीने मान जास्त उडते. चोळ्या सैल शिवल्या. माझ्या चोळीच्या गळ्याबद्दल ज्या बायका बोलल्या त्यांची नावं मला माहीत आहेत. झोप कमी झाली की वाढतं, घसा धरला की वाढतं.

जवळच्या खाणीत सुरुंग लावायचे. शिट्टी व्हायची, माणसं लांब पळायची, मग स्फोट. मला वाटायचं स्फोटाने वाढतं. नीट पाहिलं तेव्हा कळलं की शिट्टीपासून स्फोटापर्यंतची जी शांतता असते तिच्यात वाढतं. स्फोट झाला की उलट सुटल्यासारखं होतं. येणार येणार म्हणून वाट बघणं हे खरं विष. सुरुंगाची असो, नाहीतर पवारच्या टोमण्याची.

समुद्राच्या हवेने बरं होतं असं मला किती जणांनी सांगितलं त्याला सुमार नाही. म्हणून एकदा एडवणला जाऊन आले. सकाळी किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मी बसले, वारा खाल्ला, नाक गप्प. वाटलं, सापडलं औषध. मग सुकी मासळी घ्यायला एका कोळणीपुढे उभी राहिले.

"नाक कुनाला मुरडतंस गो? माजा बोंबील ताजा सुकवलेला हाय."

"बोंबलाला नाही मुरडत. आजार आहे."

"आजार हाय तं घरी बस. माजी गिऱ्हाइकं पलतील."

तेव्हा हवा-बिवा काही नाही. थंडावा आणि कुणाची नजर नसणं, एवढंच त्या किनाऱ्यात औषध होतं.

उतरतं कशाने? हात गुंतले की. भाकरी थापताना जवळजवळ होतच नाही. तव्यापुढे उकाडा असतो, धूर असतो, तरी होत नाही. हाताचं काम उकाड्यावर मात करतं, हा माझा सगळ्यात मोठा शोध. आणि त्यानेच माझा घात व्हायची वेळ आली.

पोटं बिघडली

पाऊस लागल्यावर कामावरच्या वस्तीत माणसांची पोटं बिघडली. जुलाब, उलट्या. पाण्याने म्हणा, उघड्यावरच्या फळांनी म्हणा, कुणाला नक्की कळलं नाही. जे माझ्याकडे कधी जेवले नाहीत तेही आजारी पडले. पण बोट माझ्याकडे आलं.

शेलार मुकादम आला. आमच्याकडची टोळी त्याची. तो म्हणेल तिथे माणसं जेवणार.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. माणसं म्हणतात, तुमचं अन्न तुमालाच पटत न्हाई."

"मी रोज तेच जेवते."

"आमी कुठं बघितलं? आमी बघतो ते नाक. कायतरी करा, न्हाईतर मला टोळी हलवावी लागंल."

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्याकडे भाकऱ्या करणारी लखमी भातलावणीला मासवणकडे आपल्या गावी गेली. दरवर्षी जाते. डोंगराला तिचा थोडा तुकडा आहे, पाऊस पडला की ती कुणाच्या बापाला विचारत नाही.

भावजींनी तोडगा काढला. "वहिनी, तुम्ही तव्यावर बसा. पंगतीकडे पाठ. सुमन वाढेल. तुमच्या नाकालाही बरं, धंद्यालाही बरं."

तोडगा चांगला होता. मला त्यात खोट काढता आली नाही, म्हणून मी मान्य केला. पहाटे उठून आमटी-भाजी मीच करायची, मग पंगतीच्या वेळी तव्यावर बसायचं. सुमनने फक्त वाढायचं.

पाठ फिरवून

नाक उतरलं. खरोखर उतरलं. पाठीमागे माणसं जेवत होती, कुणी माझं तोंड बघत नव्हतं, हाताखाली पीठ होतं. संध्याकाळी गाल दुखायचे ते थांबले. पहिल्यांदा झोप पुरी झाली. मी खोटं सांगणार नाही, ते दिवस शरीराला सुखाचे होते.

पण आमच्या धंद्यात जी वाढते ती मालकीण. माणसाला चूल दिसत नाही, पळी धरलेला हात दिसतो. थोड्याच दिवसांत पाठीमागून ऐकू यायला लागलं.

"वैनी, तुमच्या हाताला काय चव हाय!"

"आदी आमटीला ही चव न्हवती बगा."

सुमन हसायची. "घ्या की अजून," म्हणायची. आमटी मी केली हे तिने एकदाही सांगितलं नाही. पवार ओरडायचा, "ओ भाकरीवाल्या मावशी, गरम आणा!" मी तोंड फिरवायची नाही. फिरवलं तर नाक दिसणार.

मग वाणी दारात आला आणि महिन्याच्या सामानाची यादी त्याने सुमनला विचारली. मी तिथेच, हातभर अंतरावर, पिठात हात घालून बसलेली. सुमन म्हणाली, "डाळ जरा जास्त द्या." किती लागते हे तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी भाकरी थापतानाही माझं नाक मुरडलं. हात गुंतलेले असताना पहिल्यांदाच.

लखमी परत आली

लावणी आटोपून लखमी दारात उभी राहिली. काळीठिक्कर पडली होती, पायाला चिखल्या झाल्या होत्या.

"आमी आलू, बाय. उठ, तवा दे."

भावजी त्या वेळी खानावळीतच होते. ते म्हणाले, "आता तुझी गरज नाय. वहिनी आहेत तव्यावर."

लखमीने माझ्याकडे बघितलं. "आं? मंग वाढतंय कोन?"

"मी वाढते," सुमन म्हणाली.

"आणि वहिनी," भावजी माझ्याकडे वळले, "मी म्हणत होतो, दसऱ्याला पाटी बदलून सुमनच्या नावाने लावू. माणसं तिलाच ओळखतात. तुम्ही आहातच की, घरच्याच."

"म्हणजे माझ्या खानावळीत मी कामाला."

"असं वाकडं कशाला घेता? तुमचं नाक बघा किती बरं आहे."

"नाक बरं आहे म्हणून खानावळ घेताय?"

"अक्का, तुमच्याच भल्यासाठी," सुमन म्हणाली.

मला त्या क्षणी हिशेब अगदी स्वच्छ दिसला. एका बाजूला गप्प नाक, भरपूर झोप, आणि आयुष्यभर लोकांकडे पाठ. दुसऱ्या बाजूला ही पत्र्याची शेड. दोन्ही मिळणार नव्हतं. मी हात धुतले आणि म्हटलं, "लखमी, बस तव्यावर. सुमन, पळी इकडे दे."

"मुकादम टोळी हलवेल," भावजी म्हणाले.

"हलवू दे."

पळी

त्या दुपारी उकाडा होता, पाऊस दडी मारून बसला होता, आणि सगळी पंगत माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणजे माझ्या यादीतलं वाढवणारं सगळं एकाच वेळी हजर. सुरुवातीच्या ताटांना दाबून धरलं. मग सुटलं. मान अशी उडाली की पळीतली आमटी पवारच्या मनगटावर गेली.

"आयाय! मावशी, मारता का काय!" मग त्याने वळून हाक मारली, "ओ वैनी, या की तुमी! चव पळाली बगा."

मी पंगतीच्या मधोमध थांबले. भांडं खाली ठेवलं.

"ऐका सगळे. हा आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरने सांगितला आहे. माझं नाक आमटीला मुरडत नाही. तुम्हांलाही मुरडत नाही, तुमच्यातल्या काहींचं वागणं तसं असलं तरी. हा आजार लागत नाही, आणि तुम्ही सांगून थांबत नाही. ज्याला माझं तोंड बघवत नाही त्याने ताटात बघावं. तेही जमत नसेल तर उठावं. दार उघडं आहे."

हे बोलताना नाक चालूच होतं. भाषण थांबवून "हूंफ" करावं लागलं. कुणी हसलं नाही, कारण मी पळी हातात धरून होते.

काही जण उठले. ताट तसंच टाकून गेले. शेलार मुकादम बसून होता. त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला आणि विचारलं, "ही आमटी कोणी केली?"

"मी."

"आनि इतके दिस? ती चव आली म्हनत हुते ती?"

"ती पण मी. सुमन वाढत होती."

त्याने दारात उभ्या असलेल्या सुमनकडे बघितलं. ती पदराशी खेळत राहिली. "हॅ," असं म्हणून मुकादमाने ताट पुढे सरकवलं. "वाढा."

ना माफी, ना कौतुक. मला दोन्ही नको होतं. मी आमटी वाढली.

नंतर

दसऱ्याला दीर-जावेने रस्त्यापलीकडे आपली खानावळ काढली. टोळीतली बरीच माणसं तिकडे गेली. सुमनच्या आमटीबद्दल मी काही बोलणार नाही. काही जण परतले, काही नाही. पवार परतला. माझी पंगत आधीपेक्षा आखूड आहे आणि पाटीवर नाव माझं आहे. सणाला दोन्ही घरांत एकमेकांचं ताट जातं, बोलणं जात नाही.

नाक आहे. महिनाभर शांत असतं, मग ताप, जागरण, वैशाख, काहीतरी निमित्त होतं आणि ते परततं. मी झरोका उघडा ठेवते, सुकं लाकूड साठवते, घसा धरला की त्याच दिवशी झोपते, आणि फारच वाढलं तर जेवणं झाल्यावर लखमीला तव्यावरून उठवून संध्याकाळच्या भाकऱ्या मी थापते. ज्या घरी असं मूल आहे त्यांनी त्याची कॉलर सैल करावी, त्याला पुरेसं झोपू द्यावं, हाताला आवडीचं काम द्यावं आणि त्याच्या तोंडाकडे बघणं बंद करावं. पण ते लपावं म्हणून त्याला कोपऱ्यात बसवू नये. कोपऱ्यात आजार शांत राहतो, हे खरं आहे. म्हणून तर ती जागा वाईट.

परवा एक नवा भय्या जेवायला आला, वेल्डिंगवाला. मी वाढायला वाकले, नाक मुरडलं, डोळा मिटला. तो घास हातात धरून थांबला.

"माताजी को क्या हुआ?" त्याने शेजारी बसलेल्या पवारला विचारलं.

"कुछ नहीं हुआ. नाक उसका, भाकरी तेरा. खा चुपचाप."

"पवार," मी म्हटलं, "तुला माझा वकील कुणी नेमला?"

"नेमा की मग. आनि भाकरी टाका, निवायला लागल्यात."

मी भाकरी टाकली. मान उडाली, हूंफ झालं. तोवर पवारने ती मोडलीही होती, आणि वर बघितलं नव्हतं.